‘डी कमी आहे’ म्हणजे नक्की काय सापडलं?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आरोग्य शिबिर झालं. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल हे नेहमीचंच, पण यावेळी सवलतीच्या दरात व्हिटॅमिन डी पण होतं, आणि रिपोर्ट आले तेव्हा जवळपास प्रत्येकाच्या आकड्यापुढे ‘कमी’ असं ठळक अक्षरात छापलेलं. त्या संध्याकाळी खाली बाकांवर यावरून चांगलीच जुंपली. एक गट म्हणतोय, बघा, म्हणूनच हल्ली कशात मन लागत नाही, म्हणूनच रडू येतं, चिडचिड होते, डिप्रेशन बिप्रेशन काही नसतं हो, डी कमी असतं, आठ आठवडे पावडर घ्या आणि बघा फरक. दुसरा गट म्हणतोय, सगळा लॅबवाल्यांचा धंदा आहे, आपल्या आज्यांनी कधी डी तपासलं होतं का, एवढं ऊन पडतं आपल्याकडे, डी कमी कसं असेल. तासभर हेच चाललं. त्या तासाभरात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मध्येच म्हणाल्या की मला तर सकाळी उठावंसंच वाटत नाही. त्यावर कोणी ‘कधीपासून?’ एवढंही विचारलं नाही. ‘तुमचं डी किती आलं?’ हे मात्र तिघांनी विचारलं.

मला वाटतं दोन्ही गट चुकीच्या गोष्टीवर भांडतायत. माझं म्हणणं सरळ आहे. डी खरंच कमी असेल तर ते भरून काढा, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी काढा, त्यात टाळाटाळ नको. पण मनाच्या दुखण्यावरचं उत्तर म्हणून ते कोणाच्या हातात ठेवू नका. एक तर आजचा पुरावा तेवढं वजन पेलत नाही, आणि दुसरं म्हणजे तो आकडा एकदा सापडला की माणसाला विचारायचं ते विचारायचंच राहून जातं. हे दुसरं कारण मला पहिल्यापेक्षा जास्त छळतं, कारण ते मी घरात बघितलंय.

माझी मावशी डोंबिवलीला असते. काका गेले त्याला दीड वर्ष होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं ती पेनाने सोडवायची, पेन्सिलने नाही, पेनाने, आणि त्याचा तिला अभिमान होता. तर त्या पेपरांची घडीसुद्धा मोडेनाशी झाली, टीपॉयखाली गठ्ठा साचत गेला. अंग दुखतं, थकवा येतो, पहाटे तीनला झोप मोडते ती मोडतेच. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आणि डी आलं ९. घरात सगळ्यांना हुश्श झालं, सापडलं एकदाचं! दर रविवारी साठ हजार युनिटची पावडर दुधात ढवळून द्यायची आणि कालनिर्णयवर त्या रविवारी खूण करायची, असे आठ रविवार, मग महिन्याला एक. पुढच्या तपासणीत आकडा ४१. पायातली कळ खरंच कमी झाली, जिना चढताना कठड्याचा आधार लागेनासा झाला, आणि हे मी मुद्दाम सांगते कारण ते खरं आहे. पण पेपरांचा गठ्ठा तसाच राहिला. वर आता एक नवीनच ओझं, की रिपोर्ट तर नॉर्मल आलाय मग मी अशी का? घरचेही तेच बोलायला लागले, आता डी पण भरलं, आता काय झालंय तुला?

एका मावशीवरून सगळ्या जगाबद्दल बोलता येत नाही, मान्य. म्हणून समोरच्या बाजूचं जे सगळ्यात भक्कम आहे ते आधी घेऊ. डी हे नावाला जीवनसत्त्व आहे, कामाने ते हार्मोनच आहे. ते जिथे जाऊन काम करतं ते रिसेप्टर माणसाच्या मेंदूतही सापडलेत, त्यामुळे मेंदूशी त्याचा संबंधच नाही असं कोणी म्हणू नये. दुसरं, डिप्रेशन असलेल्या लोकांमध्ये डीची पातळी कमी दिसते हेही खरं. २०१३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्रीमध्ये एकतीस हजारांवर लोकांचे अभ्यास एकत्र करून हे दाखवलं गेलं. तिसरं म्हणजे जीवनसत्त्व कमी पडल्याने डोकं बिघडतं ही काही भाकडकथा नाही, इतिहासात हे घडलंय, आणि ज्यांना वाटतं की पोषणाचा मनाशी काय संबंध, त्यांनी पेलाग्राची गोष्ट वाचायलाच हवी.

अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाग्राने हजारो माणसं आजारी पडत होती, कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे आणि शेवटी भ्रम, वेड. तिथली मनोरुग्णालयं या पेशंटनी भरलेली. डॉक्टर म्हणायचे हा संसर्ग आहे, नाहीतर रक्तातला दोष आहे. १९१४ मध्ये जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या सरकारी डॉक्टरकडे हे काम आलं आणि त्याने बघितलं की त्याच इमारतीत राहणाऱ्या नर्सेसना आणि नोकरांना हा रोग होत नाही, मग संसर्ग कसला? त्याने अनाथाश्रमातल्या मुलांच्या ताटात दूध, अंडी, मांस, कडधान्यं वाढवली आणि तिथला रोग गेला. मग मिसिसिपीतल्या तुरुंगात स्वखुशीने तयार झालेल्या कैद्यांना फक्त मक्यावर आणि तसल्याच निकस खाण्यावर ठेवलं, तर चांगल्या धडधाकट माणसांत तो रोग उमटला. १९३७ मध्ये त्यामागचं जीवनसत्त्व नायसिन आहे हे कळलं, आणि ते दिल्यावर भ्रमिष्ट झालेली माणसं काही दिवसांत शुद्धीवर आली. आपल्याकडेही, दख्खनच्या पठारावर ज्या गरिबांच्या पोटात ज्वारीशिवाय फारसं काही जात नव्हतं त्यांच्यातला पेलाग्रा हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमाराला अभ्यासला. बी-१२ चंही तसंच, ते फार कमी झालं तर स्मरणशक्ती, मूड, हातापायाच्या मुंग्या, सगळ्यावर परिणाम होतो, आणि शाकाहारी घरांत ते कमी असणं हे पुण्यात डॉ. याज्ञिकांच्या कामातून बऱ्याच वर्षांपूर्वीच पुढे आलंय. तेव्हा उदास माणसाचं हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासणं हे शहाणपणाचंच आहे.

पण गोल्डबर्गरच्या गोष्टीत महत्त्वाचं काय आहे? त्याने आजारी लोकांच्या ताटात काहीतरी कमी आहे एवढंच दाखवलं नाही. त्याने ते दिलं आणि रोग गेला, काढून घेतलं आणि रोग आला. हीच पायरी डी आणि डिप्रेशनच्या बाबतीत नीट चढता आलेली नाही. कमी डी आणि उदासी एकत्र दिसतात म्हणजे एकामुळे दुसरं होतं असं कुठे ठरतं? मावशी घराबाहेर पडत नव्हती म्हणून डी कमी झालं, की डी कमी झालं म्हणून ती बाहेर पडत नव्हती? उदास माणूस उन्हात जात नाही, नीट जेवत नाही, हालचाल करत नाही, कधी त्याचं वजन वाढतं, आणि या प्रत्येकाने डी खाली येऊ शकतं. शरीरात कुठे सूज किंवा दीर्घ आजार असेल तरी डीचा आकडा उतरतो. म्हणजे बऱ्याचदा तो आकडा आजाराची सावली असतो, आणि आपण सावलीला औषध पाजत बसतो.

मग देऊन बघितलंय का कोणी? बघितलंय. अमेरिकेतल्या व्हायटल नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये पन्नाशीच्या पुढच्या अठरा हजारांवर लोकांना साधारण पाच वर्षं, अर्ध्यांना रोज दोन हजार युनिट डी आणि अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत काही नसलेली गोळी दिली. २०२० मध्ये निकाल आला. डी घेणाऱ्यांत ६०९ जणांना डिप्रेशन किंवा त्याची ठळक लक्षणं दिसली, न घेणाऱ्यांत ६२५ जणांना. म्हणजे काहीच फरक नाही. ज्यांची जनुकंच अशी आहेत की डी जन्मभर थोडं कमी राहतं अशा लोकांना डिप्रेशन जास्त होतं का हेही शोधून झालं, तिथेही ठोस काही हाती लागलं नाही. आणि आधी अशी फसगत झालेली नाही असंही नाही. गाजर-पालेभाज्या जास्त खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं दिसलं म्हणून फिनलंडमध्ये एकोणतीस हजार सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटिनच्या गोळीची ट्रायल घेतली, १९९४ ला निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत कॅन्सर अठरा टक्क्यांनी जास्त होता. भाज्या खाणारा माणूस इतर शंभर बाबतींत वेगळा असतो, त्यातलं एकच रसायन उचलून गोळीत भरलं की तो माणूस तयार होत नाही.

यावर समोरून एक रास्त हरकत येते आणि ती मी झटकून टाकणार नाही. व्हायटलमधल्या लोकांचं डी मुळात कमी नव्हतंच, त्यांची सरासरी ३० च्या आसपास होती, भरलेल्या हंड्यात पाणी ओतून काय कळणार? बरोबर आहे. ९-१० लेव्हल असलेल्या आणि खरंच डिप्रेशन असलेल्या आपल्याकडच्या माणसांवर मोठी, नीट केलेली ट्रायल व्हायला हवी, आणि उद्या तिचा निकाल माझ्याविरुद्ध गेला तर मी हा लेख मागे घेईन. तसं २०२२ मध्ये ४१ ट्रायल एकत्र करून बघितल्या गेल्या त्यात डीचा थोडा फायदा दिसला, विशेषतः ज्यांना आधीच लक्षणं होती त्यांच्यात. पण या निष्कर्षाची खात्री फार कमी आहे असं त्यातच म्हटलंय, कारण त्या ट्रायल एकमेकींशी जुळत नाहीत आणि बऱ्याचशा अगदी छोट्या आहेत. इराणमधली २०१३ ची एक बघा, ४२ पेशंट, आणि त्यांनाही नुसतं डी नाही दिलं, डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळीसोबत दिलं. म्हणजे अगदी अनुकूल पुरावासुद्धा म्हणतोय काय, तर उपचारासोबत डी कदाचित थोडं कामाला येईल. ‘उपचाराऐवजी’ असं तो कुठेच म्हणत नाही. बाकावरची चर्चा मात्र सगळी ‘ऐवजी’ची होती.

आणि साधा हिशोब करा ना. आपल्याकडे शहरांत निम्म्याहून जास्त लोकांचं डी कमी निघतं, काही अभ्यासांत तर त्याच्याही कितीतरी वर. मग एखाद्या उदास माणसाचं डी कमी निघालं तर त्यात नवीन काय सापडलं? शेजारच्या हसऱ्या माणसाचंही कमीच निघालं असतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी डिप्रेशन झालेलं आढळलं. आणि त्याच सर्वेक्षणात डिप्रेशन असलेल्यांपैकी साधारण ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. खरी कमतरता कुठली, असा प्रश्न पडतो की नाही?

बरं तो ‘कमी’ हा शिक्काही दगडावरची रेघ नाही. २०११ या एकाच वर्षी अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीने सांगितलं की हाडांसाठी २० पुरेसे, आणि दुसऱ्या, हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेने सांगितलं की ३० च्या खाली अपुरं. आपल्या लॅबच्या छापील रिपोर्टांवर ३० बसलं. म्हणजे २४ आकडा असलेला माणूस एका हिशोबाने ठीक आणि दुसऱ्या हिशोबाने आजारी. पुढे २०२४ मध्ये त्याच हार्मोनवाल्या संघटनेने ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट डी तपासणी करू नका असंही सांगितलं. आमच्या शिबिरात ज्यांना २२, २६ आले त्यांनी त्या रात्री स्वतःला आजारी समजूनच जेवण केलं असणार.

आता ऊन. दोन्ही गट उन्हाबद्दल बोलतात आणि दोघेही एक गल्लत करतात, ती सोडवली तर अर्धं भांडण मिटेल असं मला वाटतं. ऊन आपल्यासाठी दोन वेगळी कामं करतं, दोन वेगळ्या दारांनी. डी तयार होतं ते कातडीत, उन्हातल्या अतिनील किरणांच्या एका पट्ट्यामुळे, आणि ते किरण सूर्य वर असतानाच जमिनीपर्यंत नीट पोचतात, ढोबळ खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असायला हवी. खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. मनावर परिणाम करतो तो उजेड, आणि तो जातो डोळ्यांतून, मेंदूतलं शरीराचं घड्याळ लावायला. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थंड देशांत हिवाळ्यात येणाऱ्या उदासीचं वर्णन केलं आणि त्यावर प्रखर दिव्यासमोर बसवण्याचा उपाय केला. आज त्यासाठी जे दिवे वापरतात त्यातून अतिनील किरण मुद्दाम गाळून टाकलेले असतात. म्हणजे त्या दिव्यासमोर बसून थेंबभरही डी तयार होत नाही, तरी माणसाला बरं वाटतं. २०१६ मध्ये कॅनडात, ऋतूशी संबंध नसलेल्या डिप्रेशनच्या १२२ पेशंटवर केलेल्या ट्रायलमध्येही या उजेडाचा फायदा दिसला.

हे कळल्यावर आपलं ‘कोवळं ऊन’ मला वेगळंच दिसायला लागलं. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवायचं, आजारातून उठलेल्याला अंगणात खुर्ची टाकून द्यायची, हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलंय आणि हल्ली सगळे त्याला डीचं लेबल लावतात. सकाळी सातच्या उन्हात डीसाठी लागणारे किरण जवळपास नसतातच. पण सातच्या उन्हात उजेड मात्र भरपूर असतो, घरातल्या ट्यूबलाइटखाली दोनशे-पाचशे लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मिळतात, बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार आणि भर उन्हात लाखाच्या घरात. म्हणजे खचलेल्या माणसाला सकाळी बाहेर नेऊन बसवणारी आजी मनाच्या बाबतीत बरोबर होती, डीच्या बाबतीत नव्हती, आणि तिने डीचं नावही घेतलं नव्हतं. ते आपण घेतलं. त्यामुळे कोणी उन्हात चालायला लागलं आणि बरं वाटलं की आपण म्हणतो डी वाढलं म्हणून. का? उजेड होता, चालणं होतं, झोप सुधारली, बाहेर चार माणसं भेटली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली तर फांदी कावळ्यानेच मोडली म्हणायचं का?

आता दुसऱ्या गटाकडे वळते, कारण ‘उन्हाच्या देशात डी कमी कसं असेल’ हा प्रश्न वाटतो तितका बिनतोड नाही. त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी आपल्याच नाशिकने दिलंय. १९२२ मध्ये हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी नाशिकमधल्या मुडदुसाचा, म्हणजे डी कमी पडून मुलांची हाडं मऊ होतात त्या रोगाचा, अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना काय दिसलं? रोग होता तो पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत, जिथे बायका आणि तान्ही मुलं आतल्या अंधाऱ्या खोल्यांत दिवस काढायची. आणि ज्यांचं खाणं कितीतरी निकस होतं पण जे बाहेर राबत होते त्या गरिबांची मुलं त्यातून वाचलेली होती. ऊन तेव्हाही नाशिकात मुबलकच पडत होतं, प्रश्न ते कोणाच्या अंगावर पडतं हा होता. आज पडदा गेला म्हणता? पुण्यात दुपारी सिग्नलला उभं राहून बघा, स्कूटीवरच्या प्रत्येक मुलीच्या डोक्याला घट्ट स्कार्फ, अंगात सनकोट, हातात मोजे, वर गॉगल, बोटभर कातडी उघडी दिसणार नाही. धूळ आहे, उन्हाने चटके बसतात हे खरंच, पण ‘काळी पडशील, कोण करेल लग्न’ हे पण आहे, आणि ते घरूनच शिकवलेलं असतं. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारती बघा, दोन इमारतींत जेमतेम काही फूट अंतर, खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा. तिथे टीबी जास्त का होतो याचा अभ्यास झाला तेव्हा उजेड आणि हवा नसणं हेच पुढे आलं. दिल्लीत २००२ च्या एका अभ्यासात धुरकट मोरी गेट भागातल्या लहान मुलांचं डी, मोकळ्या हवेतल्या गुडगावच्या मुलांच्या निम्म्याहूनही कमी निघालं होतं. तेव्हा डीची कमतरता हा बनाव नाही. ती घर कसं बांधलंय, हवा कशी आहे, नोकरी कुठल्या वेळात आहे, आणि घरातल्या बाईला दुपारी अकरा ते दोनमध्ये पंधरा मिनिटं कोणी मोकळी देतं का, याची नोंद आहे. आणि गंमत म्हणून नाही, अगदी गंभीरपणे सांगते, की याच गोष्टी मनालाही खचवतात. अंधारी खोली, न संपणारं काम, एकटेपणा यांनी डी पण उतरतं आणि मन पण. दोन्हीचं मूळ एक असेल तर त्यातल्या एकाची पावडर दुसऱ्याला कशी लागू पडेल?

एक मुद्दा मात्र मला खरंच अडवतो, आणि तो एका मैत्रिणीने, जी स्वतः जनरल प्रॅक्टिस करते, तिने काढला. ती म्हणाली, अगं पेशंटला डिप्रेशन म्हटलं की तो उठून जातो, डी म्हटलं की बसतो, गोळ्या घेतो, परत येतो. त्या निमित्ताने दार तरी उघडतं ना? यात तथ्य आहे. मी पण बघितलंय की ‘डी कमी आहे’ हे सासूला सांगता येतं, ऑफिसात सांगता येतं, त्यात लाज नाही. पण आपल्याकडे हे काही पहिलं नाव नाही. आधी ‘बाहेरचं झालंय’ म्हणून अंगारा लावायचे. मग ‘अशक्तपणा’ आला, आणि गावोगावच्या दवाखान्यांत ताकदीचं लाल इंजेक्शन आणि सलाईनची बाटली आली, नवरा मारतो म्हणून सुकत चाललेल्या बाईलाही सलाईन आणि लेक गेल्यावर जेवण सोडलेल्या म्हाताऱ्यालाही सलाईन. आता डी आलंय, रिपोर्टसकट आलंय म्हणून जास्त खरं वाटतं इतकंच. इतक्या वर्षांत या आडवळणाच्या नावांनी दार उघडून किती जण आत आले? दार उघडलं असं म्हणायचं तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत डॉक्टरने पुढचं विचारायला हवं, आणि ज्या दवाखान्यात बाहेर चाळीस माणसं बसलीयत तिथे लेव्हल नॉर्मल आली की फाइल बंद होते. मावशीची झालीच.

याची उलट बाजूही तितकीच वाईट आहे आणि ती लपवली तर मी प्रामाणिक राहणार नाही. डी फार कमी झालं की हाडं मऊ पडतात, मांड्या-कमरेत खोल दुखतं, खालून उठताना हात टेकावा लागतो. अशा कितीतरी बायका वर्षानुवर्षं ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’, ‘टेन्शन कमी घ्या’ ऐकत राहतात, तपासणी होतच नाही. त्यांच्यासाठी डीचा रिपोर्ट म्हणजे आपण खोटं बोलत नव्हतो याचा कागद असतो. म्हणून तपासणीच नको असं मी म्हणणार नाही, दुखणं असेल, वय झालं असेल, घराबाहेर पडणं होत नसेल तर तपासा, पूर्ण औषध द्या. मावशीच्या पायांना ते हवंच होतं. शरीर आणि मन यातलं एकच खरं, असं ठरवायची घाई दोन्हीकडे होते, आणि दोन्हीकडे माणूस अर्धाच बघितला जातो.

‘घेतलं तर बिघडलं काय’ असंही म्हणतात. रोजच्या माफक डोसाने सहसा बिघडत नाही, आपल्या आयसीएमआरने, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने, प्रौढांसाठी दिवसाला ६०० युनिट सांगितलेत. पण डी चरबीत साठतं, लघवीवाटे वाहून जात नाही, आणि मन बरं होत नाही म्हणून लोक कोर्सवर कोर्स करतात, सहा लाख युनिटचं इंजेक्शन घेतात. ऑस्ट्रेलियात दोन हजारांवर वयस्क बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले, २०१० चा निकाल असा की डी घेतलेल्यांत पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण वाढलं. त्याच ट्रायलमध्ये मनःस्थितीही मोजली होती, तिच्यात काही फरक नव्हता. आणि डीच्या अतिरेकाने रक्तातलं कॅल्शियम चढलं तर काय होतं माहितीये? मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, मूत्रपिंडाला त्रास, शिवाय सुस्ती, गोंधळ, उदासी. ज्याच्यासाठी घेतलं तेच.

माझी मागणी फार मोठी नाही. डीची पावडर लिहून देण्याआधी किंवा देताना दोन प्रश्न विचारा, डॉक्टरांनी विचारावेत, घरच्यांनीही विचारावेत. जगभर प्राथमिक तपासणीसाठी हेच दोन प्रश्न वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा आवडीच्या गोष्टीत रस वाटेनासा झालाय का? उदास, खचल्यासारखं, पुढे काही आशा नाही असं वाटलंय का? एक मिनिट लागतं, सुई टोचावी लागत नाही, हजार-दीड हजाराचं बिल येत नाही. उत्तर ‘हो, बरेच दिवस’ असेल तर पुढे बोला, मानसोपचार तज्ज्ञाकडे न्या. ते लगेच जमत नसेल तर १४४१६ वर टेलि-मानस ही हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मावशीला हे दोन प्रश्न पहिल्यांदा विचारले गेले तोवर पहिल्या रविवारच्या पावडरीला आठ महिने होऊन गेले होते. त्या बाईंनी, म्हणजे ज्या डॉक्टरकडे आम्ही शेवटी नेलं त्यांनी, डीचा रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, आणि मावशी आधी काही बोललीच नाही, मग एकदम म्हणाली, शब्दकोडं सोडवताना अडलं की मी ह्यांना विचारायचे.

शिबिरानंतर दोन दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मला लिफ्टपाशी भेटल्या. मी विचारलं, काकू, परवा म्हणालात ना सकाळी उठावंसं वाटत नाही, कधीपासून होतंय असं? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, गणपतीपासून. लिफ्ट आली आणि गेली, आम्ही जिन्याच्या पायरीवरच बसलो.